न कलञ्जं भक्षयेत् : धर्मांचे आरोग्यनियम, दारू आणि तंबाखू

मीमांसेच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, ग्रंथांत निषेधाचे ठरलेले उदाहरण म्हणून एक वाक्य पुन्हा पुन्हा येते : ‘न कलञ्जं भक्षयेत्’, म्हणजे कलंज खाऊ नये. कलंज म्हणजे नेमके काय, यावर मात्र एकमत नाही. विषारी बाणाने मारलेल्या प्राण्याचे मांस असा एक अर्थ सांगतात, लाल लसूण असा दुसरा सांगतात, आणि कोशांत ‘तंबाखू’ हाही अर्थ नोंदलेला सापडतो. तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती असून १४९२ साली कोलंबस तिथे पोहोचण्यापूर्वी बाकीच्या जगाला ती माहीतच नव्हती. तेव्हा हे वाक्य रचणाऱ्यांच्या मनात ती असणे शक्य नाही. हा अर्थ पुढे कोणीतरी त्या शब्दाला जोडला. निषेध जागच्या जागी राहिला आणि निषिद्ध वस्तू बदलली. धर्मांनी घालून दिलेले खाण्यापिण्याचे नियम कसे चालतात, हे समजून घ्यायला हे उदाहरण फार उपयोगी पडते.

या नियमांविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे की, आज वैद्यकशास्त्र जे सांगते ते धर्माने शेकडो वर्षांपूर्वीच ओळखले होते. दुसरे असे की, हे सारे शुद्धाशुद्धतेच्या जुन्या कल्पनांतून आले असून त्याचा आरोग्याशी संबंध नाही. मला दोन्ही मते घाईची वाटतात. दारू आणि तंबाखू वर्ज्य करणारे बहुतेक धार्मिक नियम आरोग्यासाठी जन्मलेले नाहीत, हे खरे आहे. पण ते पाळणाऱ्यांच्या आरोग्यावर त्यांचा मोठा आणि मोजता येण्याजोगा परिणाम होतो, हेही तितकेच खरे आहे. नियमामागचे कारण एक आणि त्याचे फळ वेगळे, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

मीमांसकांचाच आणखी एक भेद इथे उसना घेण्यासारखा आहे. ‘कलंज खाऊ नये’ हा निषेध आहे. तो माणसाला एका कृतीपासून परावृत्त करतो. ‘उगवत्या सूर्याकडे पाहू नये’ असे वाक्य व्रताच्या प्रकरणात आले, तर मात्र त्याचा अर्थ ‘मी पाहणार नाही’ असा संकल्प होतो. पहिल्यात आज्ञा बाहेरून येते आणि दुसऱ्यात माणूस स्वतःला बांधून घेतो. यांच्या जोडीला तिसरा प्रकार म्हणजे नुसता उपदेश, जो पाळला तर चांगले आणि न पाळला तरी शिक्षा नाही असा. जगातले दारू-तंबाखूचे धार्मिक नियम या तीन प्रकारांत विखुरलेले आहेत आणि काळाच्या ओघात एका प्रकारातून दुसऱ्यात सरकलेही आहेत.

दारू : यकृताचा उल्लेख कुठेच नाही

दारूच्या बाबतीत जुन्या ग्रंथांनी दिलेली कारणे पाहावीत. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात याजकांना सांगितले आहे की, उपासनेच्या तंबूत येताना मद्य पिऊन येऊ नये, म्हणजे पवित्र काय आणि अपवित्र काय यांतला भेद त्यांना ओळखता येईल. कुराणातील चौथ्या अध्यायात जवळपास तीच गोष्ट आहे : नशेत असताना, आपण काय बोलत आहोत हे कळेपर्यंत, नमाजाजवळ जाऊ नका. कुराणात हा विषय टप्प्याटप्प्याने येतो. दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, मद्य आणि जुगार यांत मोठे पाप आहे आणि लोकांसाठी काही लाभही आहेत, पण पाप लाभाहून मोठे आहे. शेवटी पाचव्या अध्यायात दोन्ही गोष्टी पूर्णपणे टाळण्याची आज्ञा येते, आणि तिचे कारणही दिले आहे : सैतान यांच्याद्वारे तुमच्यात वैर आणि द्वेष पेरू पाहतो आणि तुम्हांला ईश्वरस्मरणापासून व नमाजापासून रोखू पाहतो. भांडण आणि विस्मरण ही ती कारणे होत. देहाच्या रोगाचा त्यांत मागमूस नाही. मनुस्मृतीने सुरापानाला महापातकांत, ब्रह्महत्येच्या पंक्तीला, बसवले आहे. तिथला हिशेबही पातकाचा आणि प्रायश्चित्ताचा आहे.

बौद्ध पंचशीलातले पाचवे शील या सर्वांत मला सर्वांत नेमके वाटते. ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि’ हे त्याचे पाली शब्द. त्यांत ‘पिऊ नकोस’ असे कोणी कोणाला सांगत नाही. ‘प्रमादाला कारण ठरणाऱ्या मद्यापासून दूर राहण्याचे शिक्षापद मी स्वीकारतो’, असे पाळणारा स्वतःच म्हणतो. म्हणजे हे व्रत आहे आणि त्याचे कारण शीलाच्या शब्दांतच गुंफलेले आहे : प्रमाद, म्हणजे जागरूकता सुटणे. भिक्षूंसाठी हा नियम कसा झाला याची कथा विनयपिटकात आहे. सागत नावाच्या भिक्षूने आपल्या सामर्थ्याने एका भयंकर नागाला नमवले. त्याचे कौतुक करण्यासाठी कोसंबीच्या लोकांनी घरोघर त्याला मद्य पाजले, आणि परतताना तो नगराच्या वेशीत पडला. सोबतच्या भिक्षूंनी त्याला उचलून आणले आणि बुद्धाकडे डोके करून निजवले, तर तो वळला आणि बुद्धाकडे पाय करून झोपला. तेव्हा बुद्धाने विचारले की, नागाला नमवणारा हा सागत आता पाण्यातल्या एखाद्या बिनविषारी सापाला तरी नमवू शकेल काय? या कथेत सागताला कोणताही आजार होत नाही. त्याने कमावलेले सगळे एका दिवसात त्याच्या हातून निसटते, एवढेच तिला सांगायचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही ‘मी दारू पिणार नाही’ ही प्रतिज्ञा आहे, आणि तीही प्रथमपुरुषी आहे.

तंबाखू : ज्या वस्तूला ग्रंथात नावच नाही

दारू सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. तंबाखू सोळाव्या शतकात जगभर पसरली, तेव्हा मात्र प्रत्येक धर्मासमोर एकच पेच उभा राहिला : ज्या वस्तूविषयी ग्रंथ गप्प आहे, तिचे काय करायचे? अकबराच्या दरबारात तंबाखू आणि चिलीम पोहोचवली ती विजापूरहून परतलेल्या असद बेगने, सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ऑटोमन सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये धूम्रपानाला देहदंडाची शिक्षा ठरवली. पोप आठवे अर्बन यांनी १६४२ मध्ये सेव्हिलच्या धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली, कारण उपासनेच्या वेळी लोक तपकीर ओढत होते आणि थुंकत होते. या बंद्या फार काळ टिकल्या नाहीत. राजाज्ञेने व्यसन सुटत नाही, हा धडा तेव्हाही मिळाला होता.

इस्लामी धर्मशास्त्रात यावर दीर्घ वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे असे की, जे निषिद्ध म्हटलेले नाही ते मुळात वैध आहे, आणि तंबाखूने दारूसारखी शुद्ध हरपत नाही. तेव्हा ती दारूच्या नियमात बसत नाही. दमास्कसचे विद्वान अब्दुल गनी अल-नाबुलुसी यांनी याच बाजूने लिहिले. दुसरा पक्ष तिला मकरूह, म्हणजे नापसंत पण पूर्णपणे निषिद्ध नसलेली, मानत असे, तर तिसरा हराम म्हणत असे. विसाव्या शतकात या वादाचे पारडे फिरले आणि ते फिरवले वैद्यकशास्त्राने. १९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने तो अधिकृतपणे मान्य केला. त्यानंतर अनेक मुफ्तींनी ‘आपल्याच हातांनी स्वतःला नाशात लोटू नका’ या कुराणवचनाच्या आधारे तंबाखूला हराम ठरवले. इथे धर्माने विज्ञानाच्या आधी काही ओळखले नव्हते. विज्ञानाने दिलेली माहिती धर्माने आपल्या तत्त्वाच्या चौकटीत बसवली. मला तर हे अधिक प्रामाणिक वाटते.

शीख परंपरेत तंबाखूसेवन हे अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शिखासाठी चार मोठ्या कुरहितांपैकी एक आहे, म्हणजे ते केल्यास दीक्षा भंग पावते. राजस्थानातील बिश्नोई पंथाचे २९ नियम परंपरेने १४८५ साली गुरू जांभेश्वरांनी दिले असे मानतात, आणि त्या नियमांत अफू, भांग व मद्य यांच्यासोबत तंबाखूही येते. त्या साली भारतात तंबाखू नव्हती. यावरून पंथाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. जिवंत नियमावलीत नवे व्यसन मागाहून सामावून घेतले जाते, एवढाच त्याचा अर्थ. कलंजाची गोष्ट पुन्हा एकदा घडली, असे म्हणावे.

कर्टलंडमधील एक खोली

उपदेश, व्रत आणि निषेध यांतली वाटचाल एकाच नियमात पाहायची असेल, तर अमेरिकेतील मॉर्मन, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या अंत्यकालीन संतांच्या मंडळीचे उदाहरण घ्यावे. ओहायो राज्यातील कर्टलंड या गावी, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरील लहानशा खोलीत, मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ आपल्या सहकाऱ्यांचे वर्ग घेत असत. पुढे मंडळीचे प्रमुख झालेल्या ब्रिगहॅम यंग यांनी १८६८ मध्ये सांगितलेली हकीकत अशी की, जमलेले पुरुष आल्याआल्या चिलमी पेटवत, मग तंबाखू चघळत आणि खोलीभर थुंकत. स्मिथ शिकवायला आत येत ते धुराच्या ढगात. ती जमीन पुसण्याचे काम त्यांच्या पत्नी एमा यांच्याकडे होते आणि त्यांनी तक्रार केली. स्मिथ यांनी या गोष्टीचा विचार केला, प्रार्थना केली आणि २७ फेब्रुवारी १८३३ रोजी त्यांना ‘ज्ञानवचन’ मिळाले, असे ही परंपरा सांगते. घटनेनंतर ३५ वर्षांनी सांगितलेली आठवण म्हणून ती थोड्या सावधपणेच घ्यावी लागते. पण एका मोठ्या धार्मिक नियमाची सुरुवात थुंकीने बरबटलेल्या जमिनीपासून आणि ती पुसणाऱ्या बाईच्या त्राग्यापासून झाली, हे त्या पंथाने लपवलेले नाही, याचे मला कौतुक वाटते.

हे वचन पोकळीत आले नव्हते. त्या काळातली अमेरिका दारूत बुडालेली होती आणि त्याविरुद्ध मद्यनिषेधाची चळवळ जोर धरत होती. अमेरिकन टेम्परन्स सोसायटी १८२६ मध्ये बॉस्टनमध्ये स्थापन झाली होती. ज्ञानवचनाचा मजकूर वाचला तर त्यात काही अनपेक्षित गोष्टी आढळतात. आरंभीच म्हटले आहे की, हे आज्ञा म्हणून किंवा सक्ती म्हणून दिलेले नाही. कडक मद्य चांगले नाही. तंबाखू शरीरासाठी नाही, तर खरचटल्या-मुकामारावर आणि आजारी गुरांवर वापरण्याची वनस्पती आहे. गरम पेये शरीरासाठी नाहीत. धान्य हे माणसाचे मुख्य अन्न. मांस जपून खावे, शक्यतो हिवाळ्यात, थंडीत किंवा दुष्काळात. सातूपासून केलेल्या सौम्य पेयांना तर परवानगी दिसते, आणि त्या काळी ती बियरसारखी असणार. शेवटी फलश्रुती आहे : जो हे पाळील तो धावेल तरी थकणार नाही, चालेल तरी त्याला मूर्च्छा येणार नाही. आपल्याकडच्या स्तोत्रांच्या शेवटी फलश्रुती वाचलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

उपदेशाचा नियम व्हायला ८८ वर्षे लागली. पहिली अनेक दशके पुढारी मंडळीही चहा, कॉफी, तंबाखू आणि कधी मद्यही घेत. सप्टेंबर १८५१ च्या अधिवेशनात यंग यांनी सर्वांना ते सोडण्याचे आवाहन केले, पण पालन सैलच राहिले. शेवटी हीबर ग्रँट प्रमुख असताना, १९२१ च्या सुमारास, मंदिरात प्रवेश मिळवण्यासाठी दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी पूर्णपणे सोडलेली असणे ही अट झाली. त्याच सुमाराला, १९२० ते १९३३ या काळात, साऱ्या अमेरिकेत दारूबंदी होती. गमतीचा भाग असा की, ती उठवणारी घटनादुरुस्ती ५ डिसेंबर १९३३ रोजी मंजूर झाली ती युटा या ३६ व्या राज्याच्या संमतीने, आणि युटा म्हणजे मॉर्मन लोकांचेच राज्य. ग्रँट यांचा या संमतीला विरोध होता.

मजकूर तोच असताना अर्थ मात्र एका दिशेने सरकला नाही. मद्याविषयीचा भाग इतका कडक झाला की ज्या बियरसारख्या पेयांना वचनात जागा होती तीही गेली. प्रार्थनाविधीत द्राक्षरसाच्या मद्याऐवजी पाणी आले. मांस जपून खाण्याचा भाग उलट मऊ पडला. तो आजही वचनात आहे, पण मंदिराच्या दारात त्याविषयी कोणी विचारत नाही. ‘गरम पेये’ या शब्दांची कहाणी आणखी वेगळी आहे. १८४२ मध्ये जोसेफ स्मिथ यांचे बंधू हायरम यांनी त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा सांगितला आणि तोच रूढ झाला. म्हणून गरम कोको चालतो, वनौषधींचा काढा चालतो, आणि बर्फ घातलेली कॉफी मात्र चालत नाही. कॅफीन हे कारण असावे असे अनेक अनुयायी समजत आणि कोलाही टाळत. २०१२ मध्ये मंडळीने स्पष्ट केले की कॅफीन असलेली शीतपेये नियमात येत नाहीत. २०१९ मध्ये पुन्हा सांगावे लागले की ई-सिगारेट वर्ज्यच आहे आणि हिरवा चहाही चहाच आहे.

वैद्यकीय कसोटी लावली तर या यादीतला प्रत्येक पदार्थ सारखा ठरत नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल. तंबाखूविषयी वादच नाही. दारूविषयीही, तिच्यातल्या इथेनॉलचे शरीरात ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करते, हे ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था १९८८ पासून मद्यपेयांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवते. कॉफीवर मात्र असा ठपका नाही. उलट त्याच संस्थेने २०१६ मध्ये कॉफीला संशयाच्या यादीतून काढले आणि त्याच बैठकीत ६५ अंश सेल्सियसहून अधिक तापलेल्या कोणत्याही पेयाला अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हटले. म्हणजे ‘गरम पेये’ हा शब्द शब्दशः घेतला असता तर निदान काही वैद्यकीय आधार मिळाला असता आणि रूढ अर्थाला तो मिळत नाही! श्रद्धावंताला याने काही फरक पडत नाही, आणि पडूही नये. तो कॉफी सोडतो ती आज्ञापालन म्हणून. पण आरोग्याचा दाखला देऊन नियमाचे समर्थन करू पाहणाऱ्याला ही अडचण टाळता येणार नाही.

वचनातले आणखी एक वाक्य उल्लेखनीय आहे. हे वचन देण्याचे कारण म्हणून त्यात ‘कट करणाऱ्या माणसांच्या मनातील दुष्ट हेतू’ असे शब्द येतात. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की, देशातील प्रमुख सिगारेट कंपन्यांनी धूम्रपानाच्या धोक्यांविषयी दशकानुदशके जनतेची संगनमताने फसवणूक केली. अनुयायांना यात भविष्यवाणी दिसते. मला एवढेच दिसते की, व्यसनाचा विचार करताना पिणाऱ्याबरोबर विकणाऱ्याकडेही बोट दाखवणारा धार्मिक मजकूर विरळा आहे.

आकडे कसे वाचावेत

नियमांच्या फळाविषयी सर्वांत भरघोस माहिती मिळते ती सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाकडून. या पंथाच्या एलेन व्हाइट यांना जून १८६३ मध्ये मिशिगन राज्यात आरोग्याविषयी दृष्टांत झाला, असे पंथ मानतो. तंबाखू व मद्य वर्ज्य, शाकाहार श्रेयस्कर, विश्रांती आणि मोकळी हवा आवश्यक, असा त्याचा आशय. संशोधकांना हा पंथ म्हणजे आयताच चालून आलेला प्रयोग वाटला. अर्न्स्ट वाइंडर आणि फ्रँक लेमन यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या पंथाच्या रुग्णांत फुफ्फुसाचा कर्करोग फारच कमी आढळला. पुढे कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथून हजारो अनुयायांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, कॅलिफोर्नियातील इतर गोऱ्या रहिवाशांच्या तुलनेत ३० वर्षांचा ॲडव्हेंटिस्ट पुरुष ७.३ वर्षे आणि स्त्री ४.४ वर्षे अधिक जगण्याची अपेक्षा होती.

हे आकडे पाहून ‘धर्म पाळा, सात वर्षे मिळवा’ असे म्हणणे सोपे आहे, पण त्यात घोटाळा आहे. या लोकांत मांस कमी खाणारे, व्यायाम करणारे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घेणारे आणि एकमेकांची विचारपूस करणारे लोक अधिक आहेत; तेव्हा कोणत्या सवयीने किती वर्षे दिली हे सुटे करणे कठीण जाते. शिवाय ज्यांना तंबाखू सोडता येत नाही असे लोक अशा पंथात येत नाहीत किंवा आल्यावर गळतात, त्यामुळे उरलेला समूह आधीच निवडलेला असतो. इथे मॉर्मन लोकांचे उदाहरण उपयोगी पडते. ते बहुधा मांसाहारी असतात, तरीही युटा राज्यात धूम्रपानाचे आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अमेरिकेत सर्वांत कमी असते. आहार वेगळा, श्रद्धा वेगळ्या, समान धागा तंबाखूच्या त्यागाचा. आणि फुफ्फुसांना मिळालेले फळही समान. फुफ्फुसांना पंथ कळत नाही, धूर कळतो.

दारूच्या संशोधनातही संपूर्ण त्याग करणाऱ्यांचा प्रश्न येतो. थोडी दारू पिणारे मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा अधिक निरोगी असतात, असे अनेक जुन्या अभ्यासांत दिसे. त्यातली एक मोठी मेख अशी होती की, ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडावी लागलेले लोकही मोजले जात. ज्यांनी जन्मात थेंबही घेतला नाही असे लोक वेगळे काढले की, त्या कथित लाभाचा बराच भाग विरून जातो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले की, आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही.

शून्य सोपे का जाते

या नियमांचे खरे बळ त्यांच्या शब्दांत नसून त्यांनी निर्णय काढून घेण्यात आहे, असे माझे मत आहे, आणि त्याला एक सुंदर पुरावा आहे. यहुदी धर्मात शब्बाथच्या दिवशी अग्नी पेटवण्यास मनाई असते. हा नियम तंबाखूविषयी नाहीच. तो आहे विश्रांतीच्या दिवशी कोणते काम करू नये याविषयी. पण त्यामुळे आठवडाभर भरपूर सिगारेट ओढणारा सनातनी यहुदी माणूस शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत एकही ओढत नाही. इस्रायलमधील संशोधकांनी अशा लोकांची तलफ तीन प्रकारच्या दिवशी मोजली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्बाथच्या दिवशी तलफ कमी होती, कामाच्या दिवशी संशोधकांच्या सांगण्यावरून सिगारेट न ओढता राहिलेल्या दिवशी ती बरीच जास्त होती. निकोटीनविना गेलेले तास सारखे असूनही तलफ सारखी नव्हती. एका दिवशी ‘ओढता येईल’ ही शक्यताच मनात नव्हती, दुसऱ्या दिवशी ती पावलोपावली होती. शब्बाथ संपत आला की तलफ पुन्हा चढू लागे, हेही त्यात दिसले.

‘बेताने प्या’ असे सांगणाऱ्याने निर्णय माणसाच्या हाती दिलेला असतो, आणि तो प्रत्येक मेजवानीत, प्रत्येक पेल्याला, पुन्हा घ्यावा लागतो; शिवाय तो घेण्याची शक्ती पहिल्याच पेल्याने उणावलेली असते. ‘मुळीच नाही’ असे ठरलेल्या माणसाला निर्णय एकदाच घ्यावा लागतो. त्यातही तो ज्या समाजात राहतो तिथे कोणी त्याला पेला पुढे करत नसेल, तर नकार देण्याचेही कष्ट वाचतात. धर्माचा नियम बहुधा असा समाजासकट येतो आणि डॉक्टरचा सल्ला एकट्याने घरी न्यावा लागतो.

त्याच समाजाची दुसरी बाजूही आहे. जिथे पिणे हे पाप आहे तिथे पिणारा लपून पितो, आणि लपवणारा माणूस मदत मागायला सर्वांत शेवटी येतो. मंदिराचे दार बंद होईल, दीक्षा मोडेल, लग्नसंबंध अडतील, या भीतीने कित्येकजण आजार पुष्कळ वाढेपर्यंत गप्प राहतात. ज्याला व्यसन लागलेलेच नाही त्याला नियम वाचवतो. व्यसन लागलेल्याला तो कधी वर काढतो, तर कधी आणखी खोल ढकलतो. या दुसऱ्या गटासाठी नियमाच्या अंमलबजावणीत किती माया आहे, यावर सारे अवलंबून असते.

औषधाच्या बाबतीत मात्र बहुतेक परंपरांनी वाट मोकळी ठेवली आहे. विनयपिटकात औषधी तेलात मद्य घालण्यास, त्याचा रंग, गंध आणि चव जाणवणार नाही इतक्या प्रमाणात, परवानगी आहे. इस्लामी न्यायशास्त्रात गरज निषिद्धाला वैध करते, असे तत्त्व आहे. बहाई धर्मात मद्य वर्ज्य आहे, पण कुशल वैद्याने सांगितल्यास चालते. तंबाखूला तिथे निषेध नाही, फक्त तीव्र नापसंती आहे. म्हणून तंबाखू सोडण्यासाठी डॉक्टरने दिलेली निकोटीनची पट्टी किंवा गोळी म्हणजे व्रतभंग, असे समजून ती नाकारणाऱ्याने आपल्या धर्मगुरूला एकदा विचारून पाहावे.

दारूच्या बाबतीत ही गोष्ट जिवावर बेतू शकते. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडली, तर मेंदूला तिची झालेली सवय उसळी घेते : हातपाय कापणे, घाम, झोप उडणे, कधी फिट येणे, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास व तीव्र ज्वरासह अशी अवस्था, जिच्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर मृत्यू ओढवतो. तंबाखू अचानक सोडल्याने चिडचिड आणि अस्वस्थता येते, पण जीव जात नाही; दारूचे तसे नाही. शपथ देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यासाठी डॉक्टर ठरवून ठेवावा, आणि घरच्यांनी त्या दिवसांतली थरथर किंवा बडबड श्रद्धेची परीक्षा न समजता त्या माणसाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.